वेगळी चूल कोणी मागितली?

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. अकराव्या वर्षी आईबरोबर पंढरपूरला गेलो तेव्हा ती घातली. आजतागायत उतरवलेली नाही. सार्वजनिक समारंभात मांसाहार असावा की नसावा, यावर लिहिणारा माणूस कोणत्या पंगतीत बसतो हे वाचकाला आधीच कळलेले बरे, म्हणून हा खुलासा. या वादात शाकाहारी मंडळी जे मुद्दे मांडतात ते मी नुसते ऐकलेले नाहीत; त्यांतले बहुतेक मी स्वतः कधी ना कधी मांडले आहेत. त्या मुद्द्यांची, म्हणजे एका परीने माझीच, झडती घेण्याचा हा प्रयत्न आहे.

निमित्त सांगतो. १०, ११ आणि १२ जानेवारी २०२० रोजी उस्मानाबादला ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. (शहराचे आणि जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले ते २०२३ मध्ये.) अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. मी तिन्ही दिवस मांडवात होतो, तिन्ही दिवस जेवलो आणि माझ्या ताटापुरते पाहून तृप्त झालो. शेजारच्याच्या ताटात काय असायला हवे होते, हा प्रश्न एकदाही मनात आला नाही.

तो प्रश्न जवळजवळ पाच वर्षांनी कर्नाटकातून आला. २० ते २२ डिसेंबर २०२४ या काळात मंड्या येथे ८७वे अखिल भारत कन्नड साहित्य संमेलन झाले. त्यासाठी काढलेल्या सूचनांत मद्य आणि तंबाखू यांच्या पंक्तीला मांसाहारही बसवला होता आणि तिघांनाही बंदी केली होती. मंड्या हा नाचणीची मुद्दे आणि मटणाचे सार आवडीने खाणारा मुलूख. तिथल्या पुरोगामी संघटनांनी हरकत घेतली, मांसाहारी जेवणाची मागणी केली, आणि शेवटच्या दिवशी कार्यकर्त्यांनी स्वतःच ते आणून वाढायला घेतले. आमच्या उमरगा भागात कानडी बोलणारी घरे पुष्कळ. तिथल्या एका लिंगायत स्नेह्याने, जे स्वतः कांदाभजीपलीकडे कधी गेले नाहीत, मला फोनवर विचारले, "तुमच्या मराठीत हा प्रश्न कुणी विचारलाच नाही का हो?"

मी म्हणालो, "आमच्यात सगळ्यांना शाकाहार चालतो." फोन ठेवल्यावर हे वाक्य मनात घोळत राहिले. ते खरे आहे का, आणि खरे असेल तर कोणासाठी?

एका जिल्ह्याचे ताट

उत्तर पुस्तकात शोधण्याआधी मी आपल्याच जिल्ह्यात शोधू लागलो. संशोधनाचे रीतसर शिक्षण मला नाही. रा. चिं. ढेरे यांची पुस्तके वाचत वाचत एवढे शिकलो, की देवाच्या नैवेद्यात समाजाचा इतिहास साठलेला असतो. त्या नजरेने पाहिले तर धाराशिव जिल्हा हे एक विलक्षण ताट आहे.

भूम तालुक्यात कुंथलगिरी आहे. कुलभूषण आणि देशभूषण या मुनींचे हे दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये इथेच सल्लेखना घेऊन देह ठेवला. अहिंसेच्या विचाराचे याहून टोकाचे आणि याहून प्रामाणिक रूप मला माहीत नाही. तिथून पूर्वेला तेर, गोरोबाकाकांचे गाव. वारकऱ्यांच्या माळेला मांस वर्ज्य आहे, आणि तेरच्या कुंभाराच्या ओट्यावर बसलेल्या संतांच्या मेळ्यात जातीची उतरंड निदान अभंगापुरती तरी बाजूला ठेवली गेली.

मग तुळजापूर. भवानीच्या सिंहासन पूजेला दही, श्रीखंड, आमरस. त्याच देवळात आश्विनातल्या नवमीला होमानंतर अजाबळी दिला जातो. महाराष्ट्रातल्या असंख्य घराण्यांच्या कुलदेवतेला दही आणि बोकड ही दोन्ही चालतात. आपापल्या दिवशी, आपापल्या विधीने. नळदुर्गजवळ मैलारपूरचा खंडोबा, पौष पौर्णिमेला त्याची मोठी यात्रा. खंडोबाची एक बायको म्हाळसा, वाण्याची लेक, सोवळ्याची. दुसरी बाणाई, धनगराची. लोकगीतांतल्या सवतींच्या भांडणात खाण्यापिण्यातला भेद हा एक हमखास विषय असतो. देव मात्र दोघींचा संसार करतो. धाराशिव शहरात ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांचा दर्गा आहे. उरूस, संदल आणि नवसाची कंदुरी यांच्याशी मराठवाड्यात फक्त मुसलमानांचाच संबंध असतो असे कोणी समजत असेल, तर त्याने आमच्याकडचे एखादे गाव पाहिलेले नाही. दर्ग्याला बोकड बोलणारी मराठ्यांची, धनगरांची, दलितांची घरे किती तरी आहेत.

आणि तो बोकडही इथलाच. उस्मानाबादी शेळी ही देशभर नाव असलेली जात. बहुतेक काळी, काटक, एका वेताला पुष्कळदा जुळी करडे देणारी. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी शेतकऱ्याच्या घरात पहिल्यांदा विकली जाते ती शेळी, आणि विधवेच्या, शेतमजुराच्या घरात बँकेचे काम करते तीही शेळीच. जिल्ह्याचे जुने नाव कागदोपत्री बदलले. शेळीने मात्र ते टिकवून ठेवले आहे.

कुंथलगिरीपासून तुळजापूरपर्यंतची ही ठिकाणे एकमेकांपासून एका दिवसाच्या एसटी प्रवासावर आहेत. त्यांनी एकमेकांचे नैवेद्य बंद पाडायचा प्रयत्न केला, असे माझ्या ऐकण्या-वाचण्यात नाही. तेव्हा "शाकाहार ही आपली संस्कृती आणि मांसाहार हा अपवाद" असे म्हणणाऱ्याने निदान हा जिल्हा पुरावा म्हणून देऊ नये. "मांसाहार हाच खरा बहुजनांचा आहार आणि शाकाहार ही वरून लादलेली गोष्ट" असे म्हणणाऱ्यानेही देऊ नये. २०१४ च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रात सुमारे ४० टक्के माणसांनी स्वतःला शाकाहारी म्हटले होते. इतके शाकाहारी काही भटजींच्या घरांतून येत नाहीत. माळकरी मराठे, माळी, लिंगायत, महानुभाव, जैन, असा हा मोठा मेळा आहे आणि त्यात चोखोबांच्या वाटेने आलेले लोकही आहेत.

मुद्द्यांची झडती

आता शाकाहारी बाजूचे मुद्दे एकेक करून घेऊ.

पहिला मुद्दा मी फोनवर सांगितलाच: शाकाहार सगळ्यांना चालतो, मांसाहार काहींनाच; म्हणून सार्वजनिक जागी शाकाहार. व्यवहारात हा मुद्दा सर्वांत सोयीचा आहे आणि एका वेळच्या जेवणापुरता तो मलाही पटतो. पण तो नीट ताणून पाहावा. शाकाहारही सगळ्यांना चालत नाही. कुंथलगिरीला येणाऱ्या व्रतस्थ जैनाला माझे कांदा-लसणाचे पिठले चालणार नाही, बटाट्याची भाजी चालणार नाही, सूर्यास्तानंतरचे जेवण तर नाहीच नाही. "ज्याला कमीत कमी चालते त्याच्या मापाने सगळ्यांचे ताट" हे तत्त्व खरे मानले, तर संमेलनाचे जेवण संध्याकाळी सहाच्या आत, कंदमुळाशिवाय व्हायला हवे. तसे कोणी मागत नाही. प्रत्येक जण ते तत्त्व आपल्या ताटापर्यंत आणतो आणि तिथे थांबवतो. मीही तिथेच थांबवले होते.

याच तत्त्वाचे सरकारी रूप शाळेच्या पोषण आहारात दिसले. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मुलांना आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे ठरवले, न खाणाऱ्यांना केळे. लगेच विरोध सुरू झाला. जानेवारी २०२४ मध्ये असे ठरले, की जिथे ४० टक्के पालकांचा विरोध असेल तिथे अंडी देऊ नयेत. जानेवारी २०२५ मध्ये तर अंड्यांसाठीचा शासनाचा पैसाच थांबला. अंडे न खाणाऱ्या मुलाच्या ताटात अंडे पडणार नव्हतेच. त्याच्यासाठी केळे होते. विरोध होता तो शेजारच्या मुलाच्या अंड्याला. आठवड्यातून तेवढे एकच अंडे मिळणार होते अशी मुले आमच्या जिल्ह्यात आहेत, आणि त्यांच्या पालकांची टक्केवारी कोणी मोजली नाही.

दुसरा मुद्दा वासाचा आणि किळसेचा. तो खोटा नाही. बोकडाची मुंडी आणि पाय जाळावर भुजताना जो वास सुटतो, त्याने आजही माझ्या पोटात ढवळते. हे नाटक नव्हे आणि यात कोणाचा अपमानही नाही. शरीराला लागलेले वळण आहे. परंतु किळस हा अंतर मागण्याचा आधार होऊ शकतो, बंदी मागण्याचा होऊ शकत नाही. मांडव मोठा असतो, वाऱ्याची दिशा ठाऊक असते, आणि आचाऱ्याला हे सारे माझ्यापेक्षा चांगले कळते.

तिसरा मुद्दा भांड्यांचा. जो पळा रश्श्यात गेला तो वरणात येऊ नये. हा मुद्दा मला सर्वांत न्याय्य वाटतो, कारण तो फक्त स्वतःच्या ताटाबद्दल बोलतो. व्रत असलेल्या माणसाला पाळता येईल अशी सोय मागण्याचा पुरता हक्क आहे, आणि ती सोय वेगळी चूल, वेगळे वाढपी, वेगळी भांडी यांनी सहज होते. कंदुरीच्या जेवणात ती आमच्याकडे पूर्वापार होत आली आहे.

चौथा मुद्दा पावित्र्याचा: साहित्य हा सरस्वतीचा उत्सव, तिथे मांस शोभत नाही. जिथे खुद्द भवानीच्या दारी अजाबळी चालतो तिथे सारस्वतांच्या मांडवाला सोवळे अधिक असावे, हे मला समजत नाही. मंड्याच्या सूचनेत खटकते तेही हेच. मांस मद्य-तंबाखूच्या ओळीत बसवले, की खाणारा आपोआप व्यसनी ठरतो. ज्याच्या घरी सणाला बोकड कापला जातो त्याची आई त्या वाक्यात गुन्हेगार होते.

पाचवा मुद्दा अहिंसेचा. नैतिक म्हणता येईल असा हा एकच, आणि तो हसून घालवण्यासारखा नाही. जीव घेऊ नये असे मनापासून वाटणाऱ्या माणसाला शेजारचे ताट हाही आपलाच प्रश्न वाटणार. त्याला "तुझे तू बघ" म्हणणे अपुरे आहे. कुंथलगिरीचा मुनी असे म्हणाला तर मी मान खाली घालून ऐकेन. पण साहित्य संमेलनाच्या ग्रंथदिंडीत टाळ-मृदंग वाजतो, आणि मृदंगाला शेळीचे कातडे लागते. तेच कातडे कानाला गोड लागते आणि तेच मांस डोळ्यांना खुपते, अशी माझी अवस्था असेल, तर माझ्या अहिंसेत आणखी काही तरी मिसळले आहे. आमच्या दुधाच्या चहामागेही गोऱ्ह्यांचा आणि भाकड जनावरांचा बाजार उभा असतोच. अहिंसेने बोलायचे असेल तर तिने पुरते बोलावे. फक्त जेवणाच्या वेळी बोलणाऱ्या अहिंसेला दुसऱ्याचे ताट उचलण्याचा अधिकार पोचत नाही.

शेवटचा मुद्दा खर्चाचा आणि जोखमीचा. हजारो माणसांना मटण वाढणे परवडत नाही, उन्हात ते टिकत नाही, विषबाधा झाली तर निस्तरता येत नाही. हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. केरळच्या शालेय कलोत्सवात २०२३ साली कोळिकोडला हाच वाद पेटला होता. वर्षानुवर्षे तिथे शाकाहारी स्वयंपाक करणारे पळयिडम मोहनन नंबूदिरी त्या वादाने कष्टी होऊन "आता पुरे" म्हणाले. पुढच्या वर्षी कोल्लमला मात्र तेच आचारी आणि तोच शाकाहारी बेत परत आला. एवढ्या गर्दीला जेवू घालणे ही खरोखर कठीण गोष्ट असते. माझे म्हणणे इतकेच, की अडचण पैशाची असेल तर पैशाची सांगावी. पैशाच्या अडचणीला संस्कृतीचे नाव दिले की भांडण सुरू होते.

अंगणाची दोन टोके

इथवर लेख आला तेव्हा वाटले, झाले. वेगळी चूल हे उत्तर आपल्या परंपरेतच आहे, ते संमेलनाला सुचवावे आणि थांबावे. मग शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' पुन्हा हाती घेतले.

पाटोळे याच जिल्ह्यातले. पुस्तक २०१५ मध्ये आले. भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये आला, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली. आमच्याकडच्या वाचनालयांत मात्र ते शोधावे लागते. जेवणाआधीच्या श्लोकातल्या 'पूर्णब्रह्मा'ला शीर्षकातच एक अक्षर जोडून लेखकाने आपली बाजू स्पष्ट केली आहे. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकाची ही नोंद आहे. वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या, रक्ती, वजडी, तेल-तूप-दुधाचे दुर्भिक्ष, हाताशी येईल त्यातून चव काढणारे हात. अन्नाची प्रतवारी धर्मग्रंथांनी आणि संतसाहित्याने कशी केली, याकडेही पुस्तक बोट दाखवते. माळकरी वाचकाला ते बोट स्वतःकडे रोखलेले दिसते. मला दिसले.

समीक्षक म्हणून या पुस्तकाविषयी माझी एक तक्रार होती. पाककृती इतक्या तपशिलाने का, हा प्रश्न पहिल्या वाचनात पडला होता. विश्लेषण हवे होते, कृती कशाला? दुसऱ्या वाचनात कळले, की कृती हाच पुरावा आहे. ज्या अन्नाला कोणत्याही पाकपुस्तकात आणि कोणत्याही सार्वजनिक पंगतीत जागा मिळाली नाही, ते अन्न होते, त्याला रीत होती, त्याला चव होती, हे सिद्ध करायचे तर ते कसे शिजवायचे हेच लिहावे लागते.

आणि त्या वाचनात मला एक कंदुरी आठवली. पंढरपूरहून माळ घालून आल्यानंतरचाच तो उन्हाळा. भूम तालुक्यातल्या आजोळच्या गावी एका मराठा घराने मुलाच्या नवसाची कंदुरी केली होती. मुजावराने फातिहा दिला, मग जेवणे. आई माळकरी, मीही नवा माळकरी. यजमान म्हातारा आईला म्हणाला, "आक्का, चूल तुमची, सरपण आमचं." कुंभाराकडून नवे मडके आणलेले, शिधा काढून ठेवलेला: पीठ, डाळ, तिखट-मीठ, वाटीत तेल. आईने चिंचेखाली तीन दगड मांडून पिठले-भाकरी केली. पंगतीत आम्हाला मानाने बोलावले, आमच्या पत्रावळी जरा अंतरावर मांडल्या. ही गोष्ट मी आयुष्यभर मराठवाड्याच्या दिलदारीचे उदाहरण म्हणून सांगत आलो आहे. भाषणातसुद्धा सांगितली आहे.

पुस्तक वाचताना अंगणाचे दुसरे टोक आठवले. संदलच्या मिरवणुकीत हलगी वाजवणारे आणि त्यांच्या घरची माणसे कुंपणाशी बसली होती. त्यांच्याजवळ घरून आणलेली जर्मनची भांडी होती. सगळ्या पंगती उठल्यावर त्यांच्या भांड्यांत वरून वाढले गेले. ते आमच्यासारखे शाकाहारी नव्हते. बोकड तोच, रस्सा तोच. म्हणजे त्यांना वेगळे बसवण्याचे कारण अन्न हे नव्हतेच. त्या गावातल्या एका वृद्ध गृहस्थांना गेल्या वर्षी मी हे विचारले. ते म्हणाले, "चव तीच असायची. आमच्यापर्यंत यायला उशीर व्हायचा, एवढंच." मग थोडे थांबून म्हणाले, "तुमच्या आईला चूल दिलती, ते ध्यानात आहे माझ्या."

एकाच अंगणात दोन वेगळेपणे होती. एक आईने मागितलेले आणि तिला मानाने दिलेले. दुसरे कुंपणाशी बसलेल्यांनी न मागता त्यांच्यावर टाकलेले. इतकी वर्षे मी पहिले सांगत आलो आणि दुसरे विसरत आलो.

मग जुन्या पंगतींकडे पुन्हा पाहिले. एकनाथांनी श्राद्धाचे अन्न महारांना वाढले आणि पैठणच्या ब्राह्मणांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला, अशी कथा आहे. ते अन्न सोवळ्यातले होते. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा झाला. टिळक, रानडे यांच्यासारख्यांना प्रायश्चित्ताच्या वादात ओढणारे ग्रामण्य त्यावरून उठले. त्या कपात मांसाचा कणही नव्हता. पंगतीतली उतरंड चालवायला मांसाची गरज कधीच पडली नाही; भात, पुरण आणि चहा यांच्यावर ती उत्तम चालली. तेव्हा "शाकाहार सगळ्यांना चालतो" हे माझे वाक्य इतिहासात टिकत नाही. शाकाहारी पंगतीतही सगळे कधी चालत नव्हते.

याची दुसरी बाजूही आहे. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचा आग्रह धरला. फेब्रुवारी १९४१ मध्ये ते आमच्या जिल्ह्यात कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेला आले, तेव्हाही प्रश्न त्याच गावकीच्या कामांचा आणि त्या कामांच्या बदल्यात पदरी पडणाऱ्या लाचारीचा होता. लोकांनी मृतमांस सोडले ते स्वतःच्या ठरावाने, स्वतःच्या मानासाठी. सोडणे आणि सोडायला लावणे यांतले अंतर त्यांनी आम्हा माळकऱ्यांपेक्षा अधिक नेमके ओळखले होते.

मांसाहारी बाजूस दोन शब्द

झडती एकाच बाजूची घ्यावी, असे नाही. "एकदा खाऊन तर बघ" म्हणत माळकऱ्याच्या ताटात तुकडा टाकणारे मित्र मी पाहिले आहेत. रश्श्यातली भाजी "साधीच आहे" म्हणून वाढणारेही पाहिले आहेत. हा विनोद नव्हे; दुसऱ्याच्या तोंडात त्याला नको ते घालणे आहे. प्रत्येक शाकाहाऱ्याला सनातनी समजणे ही वैचारिक आळसाची खूण आहे. ज्या बाईने नवऱ्याची दारू सुटावी म्हणून त्याच्यासकट माळ घातली, तिचा शाकाहार कोणत्या धर्मग्रंथातून आला नाही. आणि अन्नाचा शस्त्रासारखा उपयोग केला की ते चवीने खाल्ले जात नाही, दाखवण्यासाठी खाल्ले जाते. बंदीच्या विरोधात तसे करावे लागते हे मी समजू शकतो. नेहमीची रीत तशी होऊ नये.

कसोटी

एवढ्या खटाटोपातून हाती आले ते एक साधे माप. सार्वजनिक जेवणात जिथे जिथे काही वेगळे मांडलेले दिसेल, तिथे विचारावे: हे वेगळेपण कोणी मागितले? खाणाऱ्याने स्वतःसाठी मागितले असेल तर ते द्यावे, मानाने द्यावे, सरपणासकट द्यावे. दुसऱ्याने त्याच्यावर टाकले असेल तर ते कितीही सात्त्विक असो, ते कुंपण आहे.

या मापाने शाकाहाऱ्याची वेगळी चूल योग्य ठरते आणि मांसाहार मांडवाबाहेर घालवणारी सूचना अयोग्य ठरते. याच मापाने "मांसाहारी जेवण मागच्या बाजूला, पडद्याआड" ही तडजोडही अयोग्य ठरते, कारण पडदा खाणाऱ्याने मागितलेला नसतो. आणि ज्या आयोजकाला दोन्ही झेपत नाही त्याने खुशाल पिठले-भाकरी वाढावी. फक्त कारण खरे सांगावे.

करायचे ठरवले तर काम फार नाही. संमेलनाला प्रतिनिधी नोंदणी असते; त्या अर्जात आहाराची एक ओळ वाढवता येईल. तीन दिवसांतले एक जेवण यजमान जिल्ह्याचे म्हणून ठेवता येईल, आणि यजमान जिल्हा म्हणजे त्यातली सगळी घरे. धाराशिवला पुन्हा कधी संमेलन भरले तर त्या जेवणात हुलग्याचे माडगे असावे, ज्वारीची भाकरी असावी, उस्मानाबादी बोकडाचा रस्सा असावा, जमल्यास पाटोळ्यांच्या पुस्तकातली एखादी चान्यांची आमटी असावी. माझी पत्रावळ वाऱ्याच्या वरच्या अंगाला मांडा, एवढेच मी मागेन.

त्या कंदुरीचे शेवटचे सांगायचे राहिले. जेवणे झाल्यावर मडक्यात पिठले उरले होते. आईने ते यजमानांच्या घरातल्या बायकांना नेऊन दिले आणि त्यांनी रश्श्याच्या शेजारी वाढून घेतले. त्यात कोणाला काही वाटले नाही. कुंपणाशी तेव्हा हलगीवाले अजून वाट पाहत बसले होते. चिंचेपासून कुंपण वीस-पंचवीस पावलांवर होते. आईने पिठले तिकडे नेले नाही. मीही नेले नाही. माळ नवी होती, आणि ती कशासाठी घालतात हे मला तेव्हा अर्धेच कळले होते.